उलट्या अक्षरांचा कंदील

"नवा कागद मिळायचा नाही," असं म्हणून अण्णांनी माळ्यावरचा गठ्ठा खाली ढकलला. "हे एवढं पडलंय ते काय? घे आणि काप."

सुतळी तुटली. पमीआत्याच्या लग्नाच्या पत्रिका माझ्या पायांपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पसरल्या. उंबऱ्याच्या आत आत्या चकल्या पाडत होती. एक पत्रिका घसरत जाऊन तिच्या ताटाला टेकली. पिवळसर जाड कागद, लाल शाई, वर गणपती. आत्यानं ती उचलली नाही आणि ढकललीही नाही. हातातली चकली पूर्ण केली, तिचं शेपूट बोटानं दाबलं आणि पुढची सुरू केली.

आई कढईपाशी होती. "अहो, तिच्यादेखत तरी," एवढंच म्हणाली.

"मग काय देव्हाऱ्यात ठेवू? लग्न मोडलं, पत्रिकांची रद्दी झाली. हिला शाळेत टाकाऊतून टिकाऊ करून न्यायचंय." अण्णा, म्हणजे माझे वडील, बार्शीतल्या एका लहानशा छापखान्याचे मालक, हात झटकत स्टुलावरून उतरले. "पमे, भाऊबीज झाली की छापखान्यात यायला लाग. लगीनसराईची कामं तुंबलीत. किती दिवस तोंड लपवून बसणार आहेस?"

मी चौथीत होते. मला तेव्हा एवढंच कळलं की कागद भरपूर मिळाला.

आजही एखाद्या दिवाळी अंकात 'मुलांसाठी सोप्या कागदी भेटी' असं पान दिसलं की माझं डोकं सणकतं. सोप्या म्हणे. थांबा, मी सांगते कृती.

साहित्य

वाटायच्या राहून गेलेल्या लग्नपत्रिका. कात्री. खळ. एक आत्या.

खळ घरीच करा. मैदा पाण्यात कालवा, मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. हात थांबला की गुठळी होते.

कापण्याआधी पत्रिकेवरचा गणपती सोडवून घ्या. देवावर कात्री चालवायची नाही. आत्यानं सगळी दुपार त्यातच घालवली. एकेक गणपती पट्टीच्या धारेवर अलगद फाडायचा आणि पितळी डब्यात ठेवायचा, विसर्जनासाठी. मला कंटाळा आला तेव्हा म्हणाली, "देव आधी बाजूला होऊ दे. मग माणसांकडे बघू."

देव काढल्यावर खाली माणसांची नावं उरतात. आणि चूक उरते.

चूक अशी. नवरा मुलगा चि. रमाकांत, करमाळ्याच्या क्षीरसागरांचा. त्याच्या वडिलांच्या नावाआधी 'श्री.' हवं होतं. तिथं छापलं गेलं 'कै.' कैलासवासी नारायणराव क्षीरसागर.

कैलासवासी नारायणरावांनी आम्हाला बसायला पाट दिले. पहिली पत्रिका अण्णांनी अक्षता लावून त्यांच्याच हातात ठेवली. मी बरोबर होते, पेढ्यांच्या आशेनं गेले होते. नारायणरावांनी पत्रिका लांब धरून वाचली, मग जवळ धरून वाचली, मग बायकोकडे दिली. तिनं वाचली आणि तिचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला. पेढे आलेच नाहीत. परतीच्या एस्टीत अण्णा खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर त्यांनी आईला आणि आत्याला सांगितलं, "मी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. चूक माझी म्हणालो. पण ऐकतच नाहीत ती माणसं. अपशकुन म्हणे."

आत्या तेव्हा अण्णांच्या पाया पडली होती.

गावाला मात्र कुणाच्या अंगावर टाकायचं ते आधीच माहीत होतं. छापखान्यातले खिळे आत्या जुळवायची. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, ओळीत बसवायचं, ओळींचा फर्मा करायचा. या कामाला जुळारी लागतो, आणि आमचा जुळारी म्हणजे ती. आजोबा गेल्यापासून तिनं दुसरं काही केलं नव्हतं. मग काय, बायका म्हणू लागल्या, हिला मुलगा पसंत नसेल, हिनंच मोडलं. पुरुष म्हणू लागले, वय झालं, डोळे गेले. गिऱ्हाइकं हसत हसत अण्णांना बजावून जायची, आमच्या बापाला मारू नका बरं का. सोलापूरच्या एका छापखान्यानं आत्याला पूर्वी बोलावणं पाठवलं होतं, तेव्हा अण्णांनी जाऊ दिलं नव्हतं. आता ते जेवता जेवता म्हणायचे, "आता तुला कोण घेतंय? इथंच बस बापडी."

आत्या ताटातलं मीठ बोटानं सारखं करायची. लग्न गेलं ते गेलं. पण तिच्या हातांचं नावही गेलं होतं, आणि तेवढंच तिच्यापाशी होतं.

एकदाच, मोरीपाशी, ती आईला हळू म्हणाली, "माझ्या हातून 'कै' गेला नाही, वहिनी."

"असू दे आता," आई म्हणाली.

असू दे आता. हे तीन शब्द मी आईला अजून माफ केलेले नाहीत.

पाकीट

पत्रिका कोरी बाजू खाली ठेवून पसरा. चारही कोपरे मधोमध आणा. तीन चिकटवा, चौथा मोकळा सोडा. झालं पाकीट.

"छापलेली बाजू आत गेली पाहिजे," आत्या म्हणाली.

"का? बाहेर लाल लाल छान दिसेल की."

"घेणाऱ्याला काय करायचंय आत काय आहे ते?"

पाकिटं करता करता ती मला उलटं वाचायला लावायची. हा आमचा जुना खेळ. शिशाचं अक्षर उलटं असतं, कागदावर उमटलं की सुलटं होतं. जुळाऱ्याला उलट्याचीच सवय लागते. मी पत्रिका खिडकीशी धरायची, मागून उजेडात अक्षरं उलटी दिसायची, आणि मी ती घडाघडा वाचायची. आई थक्क व्हायची. अण्णांना हे जमायचं नाही. ते यंत्र चालवायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे. फर्मा समोर असला तरी एक कागद काढून बघितल्याशिवाय त्यांना त्यातलं अक्षर कळायचं नाही. विचारलं तर म्हणायचे, "उलटं वाचणं हे बायकांचं काम."

भिरभिरं

एक चौकोन कापा. चारही कोपऱ्यांतून मध्याकडे कात्री न्या, पण मध्यापर्यंत नेऊ नका. एकाआड एक टोक मध्यावर वळवा. टाचणी टोचा आणि ती ज्वारीच्या धाटाच्या तुकड्यात रोवा.

टाचणी टोचता टोचता आत्यानं विचारलं, "उजे, तू करमाळ्याला होतीस ना?"

"हो."

"अण्णा काय म्हणाले तिथं? जसंच्या तसं सांग."

मी नकला छान करायची. मी उठून उभी राहिले. नारायणरावांसारखी मान मागे नेली आणि घोगऱ्या आवाजात म्हटलं, "कुणाच्या हातून झालं हे?" मग अण्णांसारखा सदऱ्याचा कोपरा चाचपला. "पोरीच्या हातून झालं. आमच्या बहिणीच्या. किती सांगितलं तिला नीट बघ म्हणून, पण लक्ष नसतं कामात."

मला वाटलं ती हसेल.

"परत म्हण."

"पोरीच्या हातून झालं."

"चूक माझी, असं म्हणाले?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही गं. दोनदा म्हणाले, पोरीच्या हातून झालं, पोरीच्या हातून झालं."

तिच्या बोटांत टाचणी वाकली होती. तिनं ती बाजूला ठेवली. दुसरी घेतली, टोचली, धाटात रोवली आणि भिरभिऱ्यावर फुंकर मारली.

"फिरतंय," ती म्हणाली.

मग पदरानं हात पुसून म्हणाली, "अण्णांच्या दाढीचं जुनं ब्लेड असेल बघ मोरीच्या कोनाड्यात. आण."

डबी

डबीची कृती देत नाही. डबी झालीच नाही, तिचे कागद कंदिलाला गेले.

कंदील

पत्रिका एकमेकींना चिकटवून मोठे चार चौकोन करा. वाळू द्या. तीन चौकोनांवर चांदण्या कापा, मुलांना आवडतात. चौथ्यावर अक्षरं.

अक्षर कापताना एक लक्षात ठेवा. क, ण अशा अक्षरांच्या पोटात कागदाचं बेट असतं. ते सगळीकडून कापलं तर गळून पडतं आणि अक्षराच्या जागी नुसतं भोक राहतं. म्हणून बारीक पूल ठेवायचे. आत्या पेन्सिलीनं आखत नव्हती. ब्लेड सरळ कागदात घालायची आणि डावीकडे वळवायची, जसं काही अक्षर तिथं आधीपासून आहे आणि ती फक्त त्याच्याभोवतीचा कागद सोडवतेय.

अक्षरं उलटी होती. मी वाकून वाचली.

"अण्णा! अण्णांचं नाव! भाऊबीजेला?"

"हो. भाऊबीजेला."

"पण उलटं का?"

"मला सुलटं येत नाही," ती म्हणाली.

मला आनंद झाला होता. आत्याचा राग गेला असं वाटलं. तिच्या दुसऱ्या तळव्याखाली चौकोनाचा कोरा भाग अजून झाकलेला होता. तेवढ्यात आईनं फराळाची ताटं पोचवायला हाक मारली. मी शेजारपाजारी करंज्या देऊन परत आले तेव्हा चारही बाजू जोडून झाल्या होत्या आणि अक्षरांची बाजू भिंतीकडे तोंड करून वाळत होती.

"आतून पतंगी कागद लावायचा ना? लाल?"

"नाही. उजेड अडतो."

भाऊबीजेला आत्यानं अण्णांना ओवाळलं. अण्णांनी ताटात साडी ठेवली. अंजिरी, बारीक काठाची. ती मी ओळखली. लग्नासाठी म्हणून ज्या चार साड्या घेतल्या होत्या त्यातलीच एक. कपाटातून काढून, तशीच.

"घडी मोड आज," अण्णा म्हणाले. "सणाचा दिवस आहे. झालं गेलं सोडून द्यावं माणसानं."

आत्यानं साडी उचलून कोनाड्यात ठेवली. ती तिथंच राहिली. मग तिनं कंदील आणला.

"माझ्याकडून हे तुम्हाला."

अण्णांनी तो फिरवून फिरवून पाहिला. चांदण्यांच्या बाजू पाहिल्या. चौथी बाजूही पाहिली, चांगली डोळ्यांजवळ नेऊन. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, नाव कधी सापडतंय म्हणून.

"नक्षी सुरेख जमलीय," ते म्हणाले. "हात आहे पमे तुला. उगाच नाही मी तुला सोडत."

ओसरीतल्या बल्बवर त्यांनी तो स्वतःच्या हातानं बसवला. आत्या खालून सांगत होती. "ती बाजू भिंतीकडे करा. भिंतीवर पडेल नक्षी. अजून थोडा जवळ. बस."

दिवेलागणीला आळीतली माणसं पायऱ्यांवर येऊन टेकली. मुळेबाई, माझ्या वर्गशिक्षिका, आमच्या पलीकडच्याच घरात राहायच्या. माझ्या भेटी बघायला त्या मुद्दाम आल्या होत्या. मी पाकिटं मांडली, भिरभिरं वाऱ्याला धरलं. "टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हे," बाई सगळ्यांना सांगत होत्या. अण्णा खूश होते. "अजून कंदील बघितलाच नाही तुम्ही," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

चांदण्या पडल्या, लोकांच्या अंगावर, पायऱ्यांवर, तुळशीवर.

भिंतीवर अक्षरं पडली. हात हातभर, कडेला जरा पुसट, पण सुलटी.

बाईंना फळ्यावरचं मोठ्यानं वाचायची सवय. त्यांनी वाचलं.

"कै. अण्णा."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. आईचा हात गळ्याकडे गेला. अगदी तसाच. करमाळ्यात पाहिला होता तसा.

अण्णा भिंतीकडे बघत राहिले. मग कंदिलाकडे. मग परत भिंतीकडे. बाई म्हणाल्या, "अहो अण्णा, हे काय हो?"

अण्णा हसले. दोन पावलं आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला अजून कळतो. उबदार होता, शाईचा वास होता त्याला, आणि तो मला खाली दाबत होता.

"पोरीच्या हातून झालं," ते म्हणाले. "शाळेचंच ना तुमच्या. लक्ष नसतं कामात."

मी वर बघितलं. तोंड उघडलं. माझ्या तोंडून आवाज यायच्या आधी दारातून आला.

"या पोरीच्या हातून नाही झालं," पमीआत्या म्हणाली. "आणि त्या पोरीच्या हातूनही नव्हतं झालं."

"पमे, आत जा."

"जाते. सांगून जाते." ती चौकटीला टेकून उभी होती, आवाज चढवलाच नाही तिनं. "बाई, माझ्या पत्रिकेच्या शेजारी त्या दिवशी कुणाच्या तरी तेराव्याचं कार्ड जुळवून ठेवलं होतं. मी 'श्री' बसवून, तपासून जेवायला गेले. फर्मा उचलताना यांच्या हातून 'श्री' पडला. यांना उलटं वाचता येत नाही. जागा मोकळी दिसली, शेजारी नावाआधी एक अक्षर दिसलं, यांना वाटलं हाही 'श्री'च. उचलला आणि बसवला. मी यायच्या आत पत्रिका छापून, बांधून मोकळे. संध्याकाळी तेराव्याच्या कार्डावरून 'कै' गायब. मी विचारलं, तर म्हणाले, उंदरानं नेला असेल."

पायऱ्यांवरची माणसं भिंतीवरून अण्णांकडे वळली.

"चूक कुणाच्याही हातून होते," आत्या म्हणाली. "ती मी धरली नव्हती. कळलं होतं मला करमाळ्याहून आलात तेव्हाच. मला वाटलं, तिथं तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलंत. म्हणून गप्प बसले. तुमच्या पाया पडले मी, अण्णा."

अण्णांना अजून वाट होती. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. सगळी आळी त्यासाठी थांबली होती, मी थांबले होते, त्यांचा हात अजून माझ्या डोक्यावर होता.

ते म्हणाले, "चारचौघांत भावाला जिवंतपणी मारलंस तू."

"नारायणरावांना कुणी मारलं होतं?"

माझ्या डोक्यावरचा हात निघाला. त्यांनी कंदील खसकन ओढला. कागदच तो, एका हिसड्यात चुरगळला. भिंत कोरी झाली. उघडा बल्ब सगळ्यांच्या डोळ्यांवर आला, आणि त्या उजेडात माणसं एकेक करून उठली, चपला शोधत, एकमेकांकडे न बघता. मुळेबाई शेवटी उठल्या. आत्याजवळ थांबल्या.

"सोलापूरला माझी बहीण असते," त्या म्हणाल्या. "खोली रिकामी आहे तिच्याकडे. आणि त्या छापखान्याला मी स्वतः सांगेन."

आत्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं गेली. अंजिरी साडी कोनाड्यात होती तशीच, घडीसकट. आईनं ती पुढं कुणाला तरी देऊन टाकली. मी आत्याच्या पिशवीत भिरभिरं खोचलं होतं. गाडी सुटताना ते फिरू लागलं.

करमाळ्याचं स्थळ परत आलं नाही. पण आळीत पुन्हा कुणी तिच्या हातांबद्दल वाकडं बोललं नाही, आणि सोलापूरच्या छापखान्यात ती म्हातारी होईपर्यंत जुळारी होती. भाऊबीजेला कधी आली नाही. अण्णांनी त्या रात्रीबद्दल पुढं उभ्या आयुष्यात एक अक्षर काढलं नाही. 'माझ्या हातून झालं' हे त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही, कशाबद्दलच. दूध उतू गेलं तरी नाही.

वाळवणं

खळ वाळायला वेळ लागतो. घाई करू नका.

अण्णा गेल्या पावसाळ्यात गेले. तेराव्याच्या कार्डाचा मजकूर छापणाऱ्या मुलानं माझ्या मोबाइलवर पाठवला, ताई, एकदा तपासून घ्या म्हणून. मी सोलापूरला फोन लावला. आत्याला आता दिसत नाही, पण ऐकू स्वच्छ येतं.

"मजकूर आलाय," मी म्हटलं. "तपासायचाय."

"वाच."

"कै. वामन गणेश धोत्रे. कंसात अण्णा."

पलीकडे तिनं पंखा बंद करायला लावला.

"परत वाच."

"कै. वामन गणेश धोत्रे, अण्णा."

"हं," पमीआत्या म्हणाली. "आता बरोबर आहे."